परदेशी जुनी स्पोर्ट्‌स कार: पत्र्याआधी कागद

२०२५ च्या फेब्रुवारीत परकीय व्यापार धोरणातली एक ओळ बदलली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी परदेशातून स्वतःच्या वापरासाठी आणता येईल, असं ठरलं. त्याआधी ही मुभा फक्त १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांना होती. वर्तमानपत्रांत बातमी चार ओळींत आटोपली. सोलापुरात मात्र जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींत तिची चर्चा बरेच दिवस चालली. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, जग्वार ई-टाइप या इंग्रजी स्पोर्ट्‌स गाड्यांची नावं सात रस्त्याच्या चहाच्या टपरीवरही निघू लागली. "आता काय, मागवायची इंग्लंडहून!" हे वाक्य मी स्वतः तीन वेळा तरी ऐकलं आहे.

मागवता येते, हे खरं. पण आज देशात जी परदेशी जुनी स्पोर्ट्‌स गाडी विक्रीला दिसते, ती बहुतेक या नव्या नियमाने आलेली नसते. ती त्याआधीच्या सत्तर वर्षांत कुठल्यातरी दुसऱ्या दाराने आत आली आहे. ते दार कोणतं होतं, यावर ती गाडी घ्यावी की नाही हे ठरतं.

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, शिवडीला १९२८ मध्ये सुरू झालेला अमेरिकन गाड्यांच्या जोडणीचा कारखाना, हे सगळं वाचकांना माहीत आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ही मोटार कंपनी आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना, यांबद्दल तर इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. आपल्या कामाचा भाग १९५३ पासून सुरू होतो. त्या वर्षी जकात आयोगाने शिफारस केली, की ज्यांच्याकडे देशातच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच गाड्या बनवाव्यात. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. उरल्या अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड. दोन दरवाजांची, छप्पर उघडणारी, केवळ हौसेची गाडी या यादीत बसणारच नव्हती.

तरीही अशा गाड्या आल्या. वकिलातींतले अधिकारी आपली गाडी घेऊन येत आणि बदली झाली की ती इथेच विकून जात. विक्री सरकारी व्यापार महामंडळामार्फत होई. मुंबईच्या सिनेमावाल्यांकडे त्या काळात दिसणाऱ्या कित्येक परदेशी गाड्या याच वाटेच्या. दुसरी वाट परदेशी नोकरी करून कायमचं परत येणाऱ्यांची. वापरातली गाडी सोबत आणायची सवलत होती, तिला अटी होत्या आणि त्यातली एक अट दोन वर्षं गाडी न विकण्याची होती. या दोन वाटांनी आलेल्या गाडीला जन्मदाखल्यासारखा एक कागद असतो: सीमाशुल्काचा, ज्याला आयात-व्यवसायात सगळे 'बिल ऑफ एंट्री' म्हणतात. तो हरवलेला असू शकतो. चाळीस-पन्नास वर्षांत घरं बदलतात, वाटण्या होतात, ट्रंका भंगारात जातात. पण हरवला असेल तर जुन्या नोंदणी पुस्तकात त्याचा काहीतरी माग हवा. तोही नसेल आणि विकणारा "कागद करून देतो" म्हणत असेल, तर तिथून उठावं.

तिसरी वाट सर्वांत घोळाची. तिचं नाव 'कार्ने'. पर्यटकाने काही महिन्यांसाठी, साधारण सहा, शुल्क न भरता आपली गाडी आणावी, फिरावं आणि परत न्यावी, अशी ही आंतरराष्ट्रीय सोय. परदेशी नंबरप्लेट तशीच राहते. गाडी परत गेलीच नाही तर? काही गाड्या गेल्या नाहीत. मुदत संपलेल्या कार्नेवरच्या, परत येणाऱ्या भारतीयांच्या नावावर आणून लगेच दुसऱ्याच्या हाती गेलेल्या, किंमत कमी दाखवून आणलेल्या अशा गाड्यांवर महसूल गुप्तचरांनी गेल्या काही दशकांत पुन्हा पुन्हा धाडी टाकल्या. अगदी २०२५ च्या सप्टेंबरात केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांची शोधमोहीम काढली. त्यात बनावट कागदांवर दुसऱ्याच राज्यात पासिंग केलेल्या गाड्या निघाल्या. अशा वेळी जप्त होते ती गाडी. ती ज्याच्या दारात उभी असते, त्याच्याच दारातून जाते. विकणारा तोवर कुठे असतो, हे विचारू नये.

म्हणून परराज्यातल्या नोंदणीची आणि एनओसीची गाडी बघताना ती सोलापूरच्या एमएच-१३ वर बदलून घेण्याची घाई करू नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सही मिळाली म्हणजे मालकी मिळाली, हे मारुती-८०० च्या बाबतीत ठीक आहे. परदेशी गाडीच्या बाबतीत नोंदणी कार्यालय आणि सीमाशुल्क ही दोन वेगळी घरं आहेत आणि एकाचा शिक्का दुसऱ्याला बांधून ठेवत नाही.

आता १९५० च्या रेघेकडे. मला स्वतःला ही रेघ कधी कळली नाही. २००१ मध्ये आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले, तेव्हा वापरलेल्या गाड्यांसाठी नियम आला: गाडी तीन वर्षांहून जुनी नको, सुकाणू उजवीकडे हवं, वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा काटा हवा, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. म्हणजे एका बाजूला १९५० आधीच्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नव्या गाड्या. मधली पन्नास वर्षं बंद. आणि स्पोर्ट्‌स गाड्यांचा सुवर्णकाळ नेमका त्याच पन्नासांत: १९५५ ची एमजीए, १९६१ ची ई-टाइप, १९६२ ची एमजीबी आणि स्पिटफायर, १९६० च्या दशकातली पोर्शे ९११, १९६९ ची डॅटसन २४०-झेड. जगभर ज्यांना क्लासिक म्हणतात, त्यातलं एकही नाव सरळ मार्गाने आणता येत नव्हतं. ज्यांना आणायचंच होतं, ते वाकड्या वाटा शोधत राहिले. वाटा वाकड्या झाल्या त्याला ही रेघ जबाबदार नव्हती, असं मला तरी म्हणवत नाही.

नवी रेघ सरकती आहे. दरवर्षी एक आणखी वर्ष आत येतं. पण 'विंटेज' या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. इंग्लंडातल्या जुन्या रसिकांच्या लेखी विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०, त्यानंतरची गाडी विंटेज नाही. जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ऐतिहासिक वाहन म्हणतो ते तीस वर्षांपुढचं, मूळ रूपात जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं. आपल्याकडच्या रॅलींत साधारणपणे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती विंटेज आणि नंतरची ती क्लासिक. आणि २०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, असं ठरवलं. लक्षात घ्या, मोजणी बनल्या तारखेपासून नव्हे, पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीपासून. १९७४ च्या शेवटी बनलेली आणि १९७५ च्या जूनमध्ये नोंदवलेली एमजीबी यात सहा महिने मागे पडते. इंग्लंडातला विक्रेता जाहिरातीत 'मॉडेल १९७४' लिहितो आणि खरेदीदार तेवढंच वाचतो. त्यात १९७४ च्या उत्तरार्धात एमजीबीचे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले, त्यामुळे वर्षाचा वाद किमतीचाही होतो. इकडे नवीपेठेत कुणी १९८८ च्या पद्मिनीलाही विंटेज म्हणतं. म्हणू दे, पण अर्जावर चालत नाही.

त्याच दुरुस्तीतली दुसरी अट मला जास्त अडचणीची वाटते. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात 'मोठा फेरबदल' झालेला नको. कागदावर हे सुंदर दिसतं. पण भारतातली जुनी परदेशी गाडी म्हणजे काय असते? सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल महाग होतं, म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसलं. मूळ गिअरबॉक्स गेला, मिळेल तो लागला. ती टिकली ती मेस्त्रीच्या अकलेमुळे, आणि नियम म्हणतो ती अक्कलच अडचण आहे. फेरबदल मोठा की छोटा, हे राज्यस्तरावरची समिती गाडी पाहून ठरवते. म्हणून घेण्याआधी नोंदणी पुस्तकातला इंधनाचा रकाना वाचावा. तिथे 'डिझेल' आणि बॉनेटखाली पेट्रोल इंजिन, किंवा उलट, असं दिसलं तर पुढचं वर्षभर तुम्ही गाडी चालवणार नाही, अर्ज चालवणार.

गाडी विंटेज म्हणून मान्य झाली, तर पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि हौशी माणसाला तो नंबर गाडीइतकाच प्रिय असतो. पण व्हीए गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी होटगी रोडला चक्कर मारायची असेल तर पंपावर जाऊन येणं, हा एक मार्ग लोक हसत हसत सांगतात.

व्हीए नको, साधी नोंदणीच चालू ठेवतो म्हणणाऱ्यांनी २०२५ च्या ऑगस्टमधले दर पाहावेत. वीस वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला ८०,००० रुपये, साध्या मोटारीला १०,०००. आणि हे पाच वर्षांसाठी. आयातीचं शुल्क तर वेगळंच. ते गाडीच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, विमा आणि जहाजभाडं यांच्या बेरजेवर लागतं, आणि करांसकट ही रक्कम मूळ किमतीलाही मागे टाकू शकते. इंग्लंडात "दहा हजार पौंडांत मिळतेय" हे वाक्य म्हणून अर्धंच असतं.

यात सोलापूरकराच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे ट्रायम्फ हेरल्डच. स्पिटफायर त्याच हेरल्डच्या आखूड केलेल्या चेसिसवर उभी आहे. आणि अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन व सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन एकाच घराण्यातलं. म्हणजे ज्या मेस्त्रीने अक्कलकोट रोडला आयुष्यभर अँबॅसिडर उघडल्या, त्याला एमजीए परकी नाही. एसयू कार्बोरेटर त्याने शंभर वेळा खोललेला असतो.

पण याच नात्यामुळे फसवणूकही सोपी होते. हेरल्डच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून 'स्पिटफायर' उभी करता येते. तपासायला टेप पुरते. हेरल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर ९१.५ इंच, स्पिटफायरचं ८३. साडेआठ इंच लपत नाहीत. लपवायला कुणी चेसिस कापली असेल तर जोडाचं वेल्डिंग दिसतं. इंजिनही बोलतं: सुरुवातीची हेरल्ड ९४८ सीसी, सुरुवातीची स्पिटफायर ११४७. तसंच एमजीएमध्ये अँबॅसिडरचं इंजिन असेल तर गाडी उत्तम पळेल, पण इंजिनाचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळणार नाही, आणि संग्राहकाच्या बाजारात तिची किंमत तिथेच घसरते. इंग्रजी गाड्यांच्या कारखान्यांच्या उत्पादननोंदी तिकडच्या अभिलेखागारांनी जपल्या आहेत. चेसिस नंबर कळवला की, गाडी कधी बनली, कुठल्या रंगात, कुठल्या इंजिन नंबरासह, कुठल्या देशासाठी, याचा दाखला पैसे भरून मिळतो. गाडी बघायला जाण्याआधी तो मागवावा.

पत्र्याचं थोडक्यात. लोहचुंबक न्या. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, दरवाजाखालचा पेटीसारखा पट्टा हाच तिचा कणा, तो सडला असेल तर वरचा चकचकीत रंग विसरा. सोलापूरची कोरडी हवा पत्र्याला बरी, पण मुंबईत तीस वर्षं उभी असलेली गाडी इथे आणल्याने तिचा गंज परत जात नाही. आणि बॅटरी जोडण्याआधी बघा: १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. सवयीने उलटी जोडली तर डायनामो जातो.

शेवटी पेट्रोल, कारण इथे आपलाच जिल्हा मध्ये येतो. शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. त्याच्या भरवशावर बनलेल्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका तेव्हापासून झिजताहेत, त्या कडक धातूच्या बसवून घ्याव्या लागतात. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात वरच्या रांगेत, तेव्हा आपल्याच मळीचं इथेनॉल आपल्याच पंपावर परत येतं, असं म्हटलं तरी चालेल. ते हवेतली ओल शोषतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, कार्बोरेटरचे वॉशर खातं. मे महिन्यात ४४ अंशांत गाडीतल्या इंधन पंपापर्यंतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी रस्त्यात बसते, त्यात ही भर. नव्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी हे सगळं केलं. कागद पाहिले, टेप लावली, नळ्या बदलल्या. पुण्याच्या रॅलीला मात्र ते गाडी ट्रेलरवर घालून नेतात. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, आणि टेंभुर्णीच्या अलीकडे एकदा मागची झडप उघडी राहिल्याने पावसाचं पाणी आत गेलं, तेव्हापासून ताडपत्री दोन आहेत.