फ्लाविया पेनेट्टा: चषक हातात घेऊन निरोप घेण्याआधीची पंधरा वर्षं

१२ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या आर्थर अ‍ॅश स्टेडियमवर अमेरिकन ओपनमधली महिला एकेरीची अंतिम लढत झाली, तेव्हा जाळ्याच्या दोन्ही बाजूंना इटलीच्याच खेळाडू होत्या. फ्लाविया पेनेट्टाने रोबेर्ता विंचीला ७-६, ६-२ असं हरवलं आणि बक्षीस समारंभात माइक हातात आल्यावर आपण टेनिस सोडत असल्याचं सांगून टाकलं. वय ३३, एकेरीतलं पहिलंच ग्रँड स्लॅम विजेतेपद, आणि ते मिळाल्या दिवशीच निरोपाची घोषणा. जगभरच्या बातम्यांत ही निवृत्ती गाजली आणि त्याहून जास्त गाजला तो विंचीने आदल्या दिवशी केलेला सेरेना विल्यम्सचा पराभव. या गदारोळात पेनेट्टा म्हणजे नशिबाने साथ दिलेली, एका पंधरवड्यापुरती चमकलेली खेळाडू, अशी पुष्कळांची समजूत झाली. ही समजूत तिच्यावर अन्याय करणारी आहे. त्या संध्याकाळपर्यंत ती कशी पोचली हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं, आणि ते नुसतं तिच्या कारकिर्दीत मागे जाऊन भागत नाही.

इटलीला टेनिसची परंपरा जुनी आहे, पण ती बराच काळ पुरुषांच्या नावावर जमा होती. निकोला पिएत्रांजेलीने १९५९ आणि १९६० साली फ्रेंच स्पर्धा जिंकली. १९७६ मध्ये आद्रियानो पानात्ताने रोम आणि पॅरिस दोन्ही जिंकलं, आणि त्याच वर्षी इटलीने चिलीत जाऊन डेव्हिस करंडक आणला. त्यानंतर मात्र पुरुष एकेरीत ग्रँड स्लॅम विजेता पाहायला इटलीला २०२४ उजाडावं लागलं. यानिक सिनरने त्या जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा मधली ४८ वर्षं निघून गेली होती. या रिकाम्या काळात इटालियन टेनिस धरून ठेवलं ते बायकांनी. तेही सहज घडलं नाही. २००९ उजाडेपर्यंत इटलीची एकही खेळाडू महिलांच्या क्रमवारीत पहिल्या दहांत पोचली नव्हती. सिल्विया फारिना २००२ साली अकराव्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

फ्लाविया जन्मली २५ फेब्रुवारी १९८२ रोजी, ब्रिंदिसीत. इटलीच्या नकाशातल्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांत, आणि ब्रिंदिसी हे त्याच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचं बंदर. तिथून सत्तरेक किलोमीटरवर, पलीकडच्या किनाऱ्यावर, तारान्तो आहे. रोबेर्ता विंची तिथली, फ्लावियाहून वर्षभराने लहान. देशाचा पैसा, उद्योग आणि मोठे क्लब उत्तरेकडे. या दोघी मात्र दक्षिणेतल्या दोन बंदरांमधून आल्या. शाळकरी वयापासून त्या स्थानिक स्पर्धांत एकमेकींसमोर उभ्या राहत होत्या. पुढे राष्ट्रीय महासंघाच्या रोममधल्या केंद्रात दोघी शिकायला आल्या आणि एकाच खोलीत राहिल्या. १९९९ मध्ये फ्रेंच स्पर्धेतलं मुलींचं दुहेरीचं विजेतेपद या जोडीने जिंकलं. न्यूयॉर्कमधल्या त्या अंतिम सामन्याला सोळा वर्षांआधीचं हे अस्तर होतं.

पेनेट्टा २००० साली व्यावसायिक झाली. पहिलं एकेरी विजेतेपद मिळालं २००४ मध्ये, पोलंडच्या सोपोत गावी. पुढच्या वर्षी बोगोटा आणि अकापुल्को. या तिन्ही स्पर्धा मातीच्या कोर्टवरच्या. इटलीत मुलं लाल मातीवरच वाढतात, त्यामुळे तिची कारकीर्दही तिकडेच झुकणार असं कुणालाही वाटलं असतं. घडलं भलतंच. पॅरिसच्या मातीवर ती कधीच चौथ्या फेरीच्या पुढे गेली नाही. न्यूयॉर्कच्या सिमेंटी कोर्टवर मात्र २००८, २००९, २०११, २०१३, २०१४ आणि २०१५, अशी सहा वेळा ती उपांत्यपूर्व फेरीत किंवा त्याच्या पुढे पोचली. याचं कारण तिच्या फटक्यांत आहे, असं मला वाटतं. मातीवर वाढलेल्या खेळाडूचा चेंडू साधारणपणे उंच आणि गरगरीत जातो. पेनेट्टाचा चेंडू सपाट जायचा, विशेषतः दोन हातांचा बॅकहँड. हार्ड कोर्टवर असा चेंडू टप्पा पडल्यावर खालूनच सरकतो आणि समोरचीला वेळ देत नाही. मातीवर वाढल्याने मिळालेली पायांची चपळाई आणि लांब रॅली खेळण्याचा दम तिच्याकडे होताच. तिची सर्व्हिस कधी धडकी भरवणारी नव्हती, पण समोरच्या खेळाडूची सर्व्हिस ती फार लवकर वाचायची.

इथे स्पेनचा उल्लेख करायलाच हवा. पेनेट्टाने बरीच वर्षं बार्सिलोनात तळ ठोकला होता आणि गाब्रिएल उर्पी तिचा प्रशिक्षक होता. इटलीचीच दुसरी खेळाडू सारा एर्रानी, तीही घडली ती स्पेनमधल्या वालेन्सियात. या पिढीतल्या काहींनी घरच्या व्यवस्थेवर विसंबून न राहता बाहेरची शिस्त शोधली आणि ती घेऊन त्या राष्ट्रीय संघात परतल्या.

२००९ चा उन्हाळा हा तिच्या कारकिर्दीचा खरा सांधा. आधी पालेर्मो जिंकलं, मग लॉस एंजेलिस जिंकलं, सिनसिनाटीत उपांत्य फेरी गाठली. १७ ऑगस्टला क्रमवारी लागली तेव्हा ती दहावी होती. फारिना जिथे अडली होती तो उंबरठा ओलांडणारी पहिली इटालियन खेळाडू. दोन-तीन आठवड्यांनी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत तिची गाठ रशियाच्या व्हेरा झ्वोनारेव्हाशी पडली. पहिला सेट गेला, आणि दुसऱ्यात झ्वोनारेव्हाच्या हाती एक ना दोन, तब्बल सहा मॅच पॉइंट आले. पेनेट्टाने सहाही वाचवले, टायब्रेक जिंकला, आणि तिसरा सेट ६-० असा घेतला. तिकडे झ्वोनारेव्हा रडकुंडीला येऊन गुडघ्यांवरच्या पट्ट्या ओरबाडून काढत होती. पेनेट्टा बिचकणारी खेळाडू आहे असं म्हणणाऱ्यांनी हा सामना पाहावा.

त्याच मोसमात फेड करंडकाची, म्हणजे देशोदेशींच्या महिला संघांच्या स्पर्धेची, अंतिम लढत इटलीच्या दक्षिण टोकाला, रेज्जो कालाब्रियात झाली. अमेरिकेला ४-० असं धुऊन काढलं. पुढच्या वर्षी सान दिएगोत, अमेरिकेच्याच घरात, ३-१. दोन्ही वेळा करंडक पक्का करणारा तिसरा गुण पेनेट्टाने मिळवला. इटलीने २००६, २००९, २०१० आणि २०१३ असा चार वेळा हा करंडक जिंकला, आणि चारही वेळा कर्णधार होता कोर्राडो बाराझुट्टी, म्हणजे १९७६ च्या डेव्हिस करंडक संघातला खेळाडू. जुन्या पुरुष पिढीकडून या मुलींकडे काही थेट आलं असेल तर ते याच्यामार्फत. २००६ च्या अंतिम लढतीत पेनेट्टा खेळली नव्हती, ती बेल्जियमविरुद्धची लढत स्कियावोने, सांतांजेलो आणि विंची यांनी जिंकून दिली. पण पुढची पाच-सहा वर्षं जो गट जगभर ओळखला गेला, तो चौघींचा: स्कियावोने, पेनेट्टा, विंची, एर्रानी.

या चौघींची मजा अशी की एकीचा खेळ दुसरीसारखा नव्हता. फ्रान्चेस्का स्कियावोने एका हाताने बॅकहँड मारायची, वेळ आली की जाळ्याकडे धावायची, आणि २०१० साली तिने समांथा स्टोसूरला हरवून फ्रेंच स्पर्धा जिंकली. एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली इटालियन महिला. विंचीचा कापलेला बॅकहँड इतका खाली राहायचा की उंच खेळाडूंचे गुडघे दुखावेत. एर्रानी ठेंगणी, सर्व्हिसला जोर नाही, पण चेंडू नेमका कुठे टाकायचा याची जाण विलक्षण. २०१२ मध्ये ती फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली, आणि विंचीसोबत तिने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची दुहेरीची विजेतेपदं मिळवली. एखाद्या देशात एका साच्यातून खेळाडू काढले जातात तसं इथे नव्हतं. एकीने दार उघडलं की दुसरीला वाटायचं, हिला जमतं तर मला का नाही? स्कियावोनेच्या पॅरिसमधल्या विजयाने पेनेट्टाच्या मनात काय केलं असेल, हे यावरून ताडता येतं.

दुहेरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पेनेट्टाची पहिली ग्रँड स्लॅम ट्रॉफी तिथलीच. अर्जेंटिनाची जिसेला दुल्को तिची जोडीदार. २०१० मध्ये दोघींनी मोसमाच्या शेवटची दोहातली स्पर्धा धरून सात विजेतेपदं जिंकली. जानेवारी २०११ मध्ये मेलबर्नला अझारेन्का-किरिलेन्को जोडीविरुद्ध पहिला सेट गमावूनही त्या जिंकल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पेनेट्टा दुहेरीत जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली.

मग मनगट. उजव्या हाताचं, म्हणजे रॅकेटच्या हाताचं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची अमेरिकन ओपन हुकली, आणि परतल्यावर क्रमवारीत ती पहिल्या शंभराच्या बाहेर गेली. वय एकतीस. टेनिसमध्ये या वयाला अशी घसरण म्हणजे बहुतेकांचा शेवटच. पेनेट्टाने मात्र २०१३ ची अमेरिकन ओपन ८३व्या क्रमांकावरून सुरू केली आणि एर्रानी, कुझनेत्सोव्हा, हालेप आणि विंची यांना हरवत उपांत्य फेरी गाठली. मार्च २०१४ मध्ये इंडियन वेल्सला पहिलं मानांकन असलेल्या ली नाला उपांत्य फेरीत आणि राडवान्स्काला अंतिम फेरीत नमवून तिने कारकिर्दीतली तोवरची सर्वात मोठी एकेरी ट्रॉफी उचलली. म्हणजे २०१५ चं यश आभाळातून पडलेलं नव्हतं. दोन वर्षं ते आकार घेत होतं, पाहणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं इतकंच.

याच काळात तिचा धागा आपल्याकडच्या एका कहाणीशी जुळतो. २०१४ च्या उत्तरार्धात मार्टिना हिंगीसची दुहेरीतली जोडीदार पेनेट्टाच होती. दोघी अमेरिकन ओपनची अंतिम फेरी खेळल्या, वुहान आणि मॉस्को जिंकल्या. मार्च २०१५ मध्ये हिंगीसने मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाबरोबर खेळायला सुरुवात केली आणि पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या दुहेरीच्या उपांत्य फेरीत सानिया-हिंगीस यांनी हरवलेली जोडी होती एर्रानी आणि पेनेट्टाची. म्हणजे एकेरीच्या विजेतेपदाच्या वाटेवर असताना ती दुहेरीतही शेवटच्या चारांत होती, तेही तेहतिसाव्या वर्षी.

निवृत्तीचा निर्णय स्पर्धेआधीच झाला होता. ऑगस्टमध्ये टोरोंटोत असतानाच तिने तो घेतला होता, असं तिने नंतर सांगितलं. खेळणं आवडत होतं, पण रोज झुंजायला लागणारी भूक उरली नव्हती. या निर्णयाने हात मोकळा झाला असावा. २६वं मानांकन असलेल्या पेनेट्टाने स्टोसूरला हरवलं, मग विम्बल्डन दोनदा जिंकलेल्या क्विटोवाविरुद्ध पहिला सेट गमावून सामना फिरवला. उपांत्य फेरी पावसाने गुरुवारवरून शुक्रवारवर ढकलली. तिथे दुसरं मानांकन असलेल्या हालेपला तिने ६-१, ६-३ असं अक्षरशः पळवलं. पाठोपाठ त्याच कोर्टवर विंचीने सेरेनाला २-६, ६-४, ६-४ असं हरवलं. एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकण्यापासून सेरेना दोन सामने दूर होती.

त्या शनिवारी इटलीचे पंतप्रधान मात्तेओ रेन्झी बारीतल्या प्रदर्शनाचं उद्घाटन सोडून विमानाने न्यूयॉर्कला पोचले. बारी हे पुलियाचंच मुख्य शहर, आणि इथल्याच दोन मुलींसाठी इथला कार्यक्रम टाळला म्हणून मायदेशी त्यांच्यावर टीकाही झाली. पेनेट्टाचा जोडीदार फाबियो फोनिनी, ज्याने त्याच स्पर्धेत दोन सेटच्या पिछाडीवरून नदालला हरवलं होतं, तोही सामन्यासाठी परत आला. अटीतटी पहिल्या सेटपुरतीच राहिली. शेवटचा गुण संपल्यावर दोघी जाळ्यापाशी खूप वेळ मिठीत होत्या. त्यानंतर जे झालं ते मी तरी कुठल्या दुसऱ्या ग्रँड स्लॅम अंतिम सामन्यात पाहिलेलं नाही: समारंभाची तयारी चालू असताना हरलेली विंची जिंकलेल्या पेनेट्टाशेजारी जाऊन बसली आणि दोघी गप्पा मारत, हसत राहिल्या.

ती पेनेट्टाची ४९वी ग्रँड स्लॅम स्पर्धा होती. पहिलं एकेरी विजेतेपद मिळायला इतकी वाट आजवर कुठल्याही महिला खेळाडूला पाहावी लागली नव्हती. खुल्या युगात, म्हणजे १९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्यापासून, या वयाला पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलेली दुसरी कुणी महिला नव्हती.

निरोप जाहीर झाला तरी मोसम तिने अर्धवट सोडला नाही. क्रमवारीत सहाव्या स्थानापर्यंत पोचून ती सिंगापूरच्या मोसमअखेरच्या स्पर्धेत खेळली. तिथे तिने राडवान्स्काला हरवलं, आणि नंतर तीच राडवान्स्का ती स्पर्धा जिंकून गेली. पेनेट्टाचा अखेरचा सामना शारापोव्हाविरुद्धचा, तो ती हरली. एकेरीची ११ आणि दुहेरीची १७ विजेतेपदं तिच्या नावावर राहिली. जून २०१६ मध्ये ओस्तुनीत, म्हणजे ब्रिंदिसीच्या शेजारीच, तिचं आणि फोनिनीचं लग्न झालं. विंची २०१८ मध्ये रोमला शेवटचं खेळली. एर्रानी मात्र थांबली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने तरुण जास्मिन पाओलिनीला जोडीला घेऊन दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी, जुना फेड करंडक, ज्याचं नाव आता बिली जीन किंग करंडक असं झालं आहे, तो अकरा वर्षांनी पुन्हा इटलीत आला.