आठ जीबीचं कार्ड चार जीबी का दाखवतं?

दिवाळीनंतर कापसाचे पैसे घरात आले, की आर्वी-पुलगावकडची काही पोरं नागपूर गाठतात आणि गेमची चित्रं पडद्यावर आणणारं जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन येतात. बहुतेकदा आरएक्स 580 हे मॉडेल, 8 जीबी मेमरीचं. कॅबिनेटात बसवतात, माहिती दाखवणारा कुठलातरी फुकटचा प्रोग्राम उघडतात आणि मग फोन येतो: "भाऊ, हे त चारच जीबी दाखवून रायलं. मले फसवलं ना त्यानं!"

यावर गावात उपपत्तीही तयार असतात. मे महिन्याच्या उन्हात मेमरी "आटते" हे मी गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं ऐकलंय. कार्ड तापलं तर त्याचा वेग उतरतो हे खरं, पण त्यावरच्या चिपांची साठवण कमी होत नाही. कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून ती वाढतही नाही.

फसवणूक कधीच होत नाही असं नाही, तिच्याकडे येऊच. पण नेमका 4 हा आकडा ऐकला की मला आधी विंडोजमधला एक जुना रकाना आठवतो.

कुठलाही प्रोग्राम कार्डावरच्या चिपा स्वतः मोजत नाही. तो सहसा विंडोजला विचारतो, विंडोज ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारतं, आणि जे उत्तर येईल ते पडद्यावर उमटतं. विंडोजमध्ये असं विचारायच्या जागा अनेक आहेत. त्यांतली एक जुनी जागा म्हणजे डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती पुरवणाऱ्या यंत्रणेतला 'अ‍ॅडाप्टर रॅम' हा रकाना. तो 32 बिटांचा आहे. प्रत्येक बिट 0 किंवा 1, म्हणजे 2 चा 32 वा घात, एकूण 4,29,49,67,296 वेगवेगळे आकडे. शून्यापासून मोजलं तर त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या 4 जीबीपेक्षा एक बाइट कमी. आपल्या कार्डावर आहेत 8,58,99,34,592 बाइट. हा आकडा लिहायला 34 बिट लागतात.

आता जागा अपुरी पडली की काय होतं, ही यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. समजा, जिनिंगच्या पावतीवर क्विंटलसाठी दोनच चौकटी छापल्यात आणि ट्रकमध्ये कापूस आहे 128 क्विंटल. एक कारकून पुढचा 1 सोडून देऊन 28 लिहील. दुसरा म्हणेल, निदान जास्तीत जास्त तरी लिहू, आणि 99 लिहील. दोघंही चूक, पण चुकीची जात वेगळी.

संगणकाने पहिल्या कारकुनासारखं केलं असतं तर? 8 जीबी द्विमान पद्धतीत लिहिलं की 1 आणि पुढे 33 शून्यं येतात. शेवटची 32 ठेवून पुढचं छाटलं तर हाती उरतो भोपळा. 6 जीबीच्या कार्डाचे 2 जीबी झाले असते, 10 जीबीचेही 2, आणि 12 जीबीचा पुन्हा भोपळा. प्रत्यक्षात पडद्यावर येतो 4,29,39,18,720. याला दोनदा 1024 ने भागून बघा, बरोब्बर 4095 एमबी येतात, वर एक बाइटही नाही. द्विमानात तो आणखी देखणा दिसतो: ओळीने 12 वेळा 1 आणि मग 20 शून्यं. 32 बिटांत मावणारी, पूर्ण एमबीत येणारी ही सर्वांत मोठी संख्या. म्हणजे इथे दुसरा कारकून बसलाय. म्हणूनच 6, 8 आणि 12 जीबीची कार्डं या रकान्यात सारखीच दिसतात, शेवटच्या अंकापर्यंत सारखी.

याच 32 बिटांतला पहिला बिट काही जुने गेम ऋण चिन्हासाठी राखून ठेवतात. मग मर्यादा 2 जीबीवर येते आणि 3 जीबीचं कार्ड उणे 1,07,37,41,824 बाइटचं वाचलं जातं. "पुरेशी ग्राफिक्स मेमरी नाही" असं सांगून गेम बंद पडतो. कार्ड पाहिजे त्याहून मोठं असल्यामुळे बंद पडतो!

रकाना रुंद का करत नाहीत? कारण जुने असंख्य प्रोग्राम तो 32 बिटांचाच असल्याचं धरून लिहिलेत. म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, 'क्यूडब्ल्यू मेमरी साइझ' नावाची वेगळी 64 बिटांची नोंद असते. तिच्यात सुमारे 1,718 कोटी जीबी मावतात. तेवढं आपल्या पिढीला पुरावं.

तपासायचं तर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) जा आणि 'डेडिकेटेड' मेमरीचा आकडा बघा. विंडोज 10 मध्ये ही सोय 2017 च्या अपडेटपासून आहे. त्याशेजारचा 'शेअर्ड' आकडा कार्डाचा नसतो; ती संगणकाची साधी रॅम असते, साधारण निम्मी, गरज पडली तर वापरायला दिलेली. डीएक्सडायग हा विंडोजमधलाच माहिती दाखवणारा प्रोग्राम या दोन्हींची बेरीज दाखवतो. 16 जीबी रॅमच्या मशीनवर 8 जीबीचं कार्ड तिथे 16 च्या आसपास दिसतं, आणि एखादा विक्रेता नेमकी तीच खिडकी उघडून दाखवतो. लॅपटॉपवर 128 एमबी दिसले तर बहुधा इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा आकडा वाचला जातोय. यादीतलं दुसरं जीपीयू बघा. ड्रायव्हरच टाकला नसेल तर मात्र कुठल्याच आकड्यावर जाऊ नका.

यूट्यूबवर "रजिस्ट्रीत एक आकडा बदला, व्हीरॅम दुप्पट करा" असे व्हिडिओ ढिगाने आहेत; व्हीरॅम म्हणजे हीच ग्राफिक्सची मेमरी. त्यांत सांगितलेल्या, इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सच्या नोंदीने बदलतो तो गेमला सांगितला जाणारा आकडा. गेम सुरू होईलही, पण चिप एकही वाढत नाही.

आता खरी फसवणूक. एनव्हिडिया कंपनीच्या जुन्या जीटीएक्स 550 टीआय कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख सांगणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, फेरफार करून ते नंतरचं 1050 टीआय म्हणून विकल्याचे प्रकार झालेत. तिथे बायॉसच खोटं बोलत असल्याने टास्क मॅनेजरवरही विसंबता येत नाही. जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्राम 2018 पासून एनव्हिडियाची अशी कार्डं ओळखून नावाआधी 'फेक' लिहितो. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे मेमरी खरोखर भरून बघणं. ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्राममध्ये व्हीरॅमची चाचणी आहे, ती दुकानातच लावायला सांगा. विक्रेता तेवढा वेळ थांबायला तयार नसेल, तर पैसे खिशात ठेवून परतीची एसटी धरावी.