पक्ष फुटला की विलीन झाला?

10 जुलै 2019 रोजी गोव्यात काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपची वाट धरली. लोकांच्या तोंडी एकच शब्द होता, 'फुटले'. आमदारांचा कागदोपत्री दावा मात्र 'विलीनीकरणा'चा. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, माणसं इकडची तिकडे गेली एवढंच. कायद्याच्या लेखी यातल्या एका शब्दाने आमदारकी जाते आणि दुसऱ्याने वाचते.

हा फरक मला राज्यघटनेच्या पुस्तकाआधी जमिनीच्या कागदांनी शिकवला. आमच्या घरी वाटणी निघाली तेव्हा चुलत्यांच्या वाट्याला आलेली एक पट्टी प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान आकारापेक्षा, कमी भरली. तलाठी म्हणाले, "काका, हा तुकडा असा बाहेरच्याला विकता यायचा नाही. लगतच्या गटवाल्याला द्या, त्याच्या जमिनीत मिळेल." चुलते चिडले. "भाऊसाहेब, जमीन माझी ना?" जमीन त्यांचीच होती, पण 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा होता. शेताचे बारीक तुकडे पडू द्यायचे नाहीत, पडलाच तर तो शेजारच्या शेतात जाऊ द्यायचा, असा त्या कायद्याचा मूळ रोख. अलीकडे तो बराच सैल केलाय, ते सोडा.

पक्षांतरबंदीचा कायदा म्हणजे राजकारणातली तुकडेबंदीच. 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची आली. आमदाराने पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर तो अपात्र. त्यातून सुटायला दोन वाटा ठेवल्या होत्या. एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती 'फूट', आणि फूट माफ. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात जायला संमती दिली तर ते 'विलीनीकरण', तेही माफ. पहिल्या वाटेवर इतकी गर्दी झाली की 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती बंदच केली. आता वेगळा तुकडा पाडता येत नाही, लगतच्या गटात मिळावं लागतं. आमच्या चुलत्यांना सांगितलं होतं तेच.

गोव्यातले आकडे जरा निरखून बघा. मार्च 2019 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो) 3 पैकी 2 आमदार मध्यरात्री भाजपमध्ये गेले. जुलैत काँग्रेसचे 15 पैकी 10. सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा काँग्रेसचे, 11 पैकी 8. तिघांचे दोन तृतीयांश दोन, पंधराचे दहा, अकराचे सव्वासातच्या थोडे वर म्हणजे आठ. तिन्ही वेळा लागतील तेवढेच, एक कमी नाही की एक जास्त नाही. मतदारसंघाच्या विकासाची तळमळ दर वेळी इतक्या काटेकोर भागाकाराने दाटून यावी, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

खरी गोम पुढे आहे. विलीन नक्की कोण झालं? अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात 'मूळ राजकीय पक्ष' आणि 'विधिमंडळ पक्ष' असे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ पक्ष म्हणजे अध्यक्ष, कार्यकारिणी, गावोगावचे कार्यकर्ते. विधिमंडळ पक्ष म्हणजे निवडून आलेले आमदार. संरक्षण मिळतं ते मूळ पक्ष विलीन झाल्यावर. पण लगेच पुढे म्हटलंय की विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी संमती दिली तर, आणि तरच, तसं विलीनीकरण झाल्याचं मानलं जाईल. सगळा वाद या 'मानलं जाईल'वर. एक बाजू म्हणते, आधी पक्षाने खरोखर विलीन व्हायला हवं, आमदारांची संमती ही वरची अट. दुसरी म्हणते, आमदारांचा आकडा भरला की विलीनीकरण झालंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी 2022 मध्ये दुसरा अर्थ धरला आणि 2019 मध्ये गेलेल्या बारा आमदारांची, मगोचे दोन आणि काँग्रेसचे दहा, आमदारकी टिकली.

जमिनीत असं चालत नाही. सामाईक सातबाऱ्यावर तिघांची नावं असतील तर दोघे मिळून तिसऱ्याचा हिस्सा विकू शकत नाहीत. पक्षाच्या बाबतीत दोघांनी जाऊन सबंध गट शेजाऱ्याला दिल्याचं मानलं जातं आणि तिसरा त्याच गटावर नांगर धरून उभा असतो. मगोचे सुदिन ढवळीकर असेच उभे राहिले. कागदावर 'विलीन' झालेल्या त्यांच्या पक्षाने 2022 ची निवडणूक आपल्याच चिन्हावर लढवली आणि 2 जागा जिंकल्या. काँग्रेसने 11.

गोव्यात या शब्दाला आणखी एक जुना सल आहे. 'विलीनीकरण' म्हटलं की जुन्या लोकांना 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल आठवतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा असं म्हणणारा पक्ष मगोच, आणि 34,021 मतांनी तो हरला. पन्नासेक वर्षांनी विलीनीकरण मगोच्याच दारात आलं, तेही असं.

मग महाराष्ट्रात 2022 मध्ये एकनाथ शिंदे विलीन का झाले नाहीत? शिवसेनेचे 55 आमदार, दोन तृतीयांशाला 37 पुरे, त्यांच्याकडे 40 होते. पण विलीन व्हायचं तर नाव आणि धनुष्यबाण सोडून दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं. त्यांनी म्हटलं, आम्हीच शिवसेना. इथे दुसरी कचेरी कामाला येते. दहाव्या अनुसूचीत, म्हणजे विधानसभा अध्यक्षांपुढे, 'फूट' हा बचाव उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट केलं. निवडणूक आयोगापुढे मात्र फूट जिवंत आहे. 1968 च्या चिन्हांच्या आदेशात परिच्छेद 15 फुटीसाठी आहे, 16 विलीनीकरणासाठी. आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं. 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनीही तोच पक्ष खरा ठरवला आणि दोन्हीकडच्या कोणालाच अपात्र केलं नाही. थोडक्यात, पक्ष फुटला पण आमदार फुटले नाहीत. अजित पवारांनीही पुढे तीच वाट धरली.

खरंखुरं विलीनीकरण कसं असतं ते 1977 मध्ये दिसलं. जनसंघ जनता पक्षात विलीन झाला तेव्हा नाव गेलं आणि पणती हे चिन्हही गेलं. 1980 मध्ये ती मंडळी बाहेर पडली ती जुन्या घरी परतायला नाही. नवा पक्ष काढावा लागला, नवं चिन्ह घ्यावं लागलं, कमळ. अलीकडचं उदाहरण कणकवलीचं. नारायण राणेंचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष ऑक्टोबर 2019 मध्ये भाजपमध्ये गेला आणि त्या नावाचा झेंडा घेऊन मागे कोणी उभं राहिलं नाही. तेव्हा बातमी वाचताना मी आता एवढंच बघतो: दुसऱ्या दिवशी जुन्या पक्षाचं कार्यालय उघडतं का?

मतदारांनी आपल्या परीने निवाडा केला, पण तोही तिरपागडाच. जुलै 2019 च्या दहांचे म्होरके चंद्रकांत कवळेकर 2022 मध्ये केप्यात काँग्रेसच्या एल्टन डिकॉस्तांकडून हरले. मगो सोडून गेलेले बाबू आजगावकर मडगावात दिगंबर कामतांकडून हरले. कामत तेव्हा काँग्रेसमध्ये होते. निवडणुकीआधी पक्षाच्या सगळ्या उमेदवारांसह त्यांनी देऊळ, क्रॉस आणि दर्ग्यासमोर पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. सप्टेंबरातल्या आठांत ते होते. डिकॉस्ता राहिलेल्या तिघांत.