पगार जास्त असला तरी चाइल्ड बेनिफिटचा अर्ज भराच

ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "आमचा पगार ऐंशी हजार पौंडांच्या वर आहे, आम्ही चाइल्ड बेनिफिटच्या भानगडीत पडलोच नाही." चाइल्ड बेनिफिट म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणारी रक्कम, आणि एवढ्या उत्पन्नावर ती पूर्ण परत करावी लागते, म्हणून पैसे हातात राहणार नाहीत हे खरं आहे. पण म्हणून अर्जच न करणं ही मोठी चूक आहे, आणि तिची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बाईला म्हातारपणी मोजावी लागते.

माझ्या एका मैत्रिणीने बाळ झाल्यावर नोकरी सोडली. नवऱ्याचा पगार भरपूर, म्हणून अर्ज केला नाही. चार वर्षांनी पुन्हा कामाला लागताना तिने सरकारी ॲपवर आपली नॅशनल इन्शुरन्सची (ज्या सरकारी वर्गणीवर म्हातारपणीची पेन्शन ठरते तिची) नोंद उघडली, तर त्या चारही वर्षांपुढे एकाखाली एक "वर्ष अपूर्ण" असं दिसत होतं. तिने त्याच दिवशी अर्ज केला, पण तो फक्त मागच्या तीन महिन्यांपर्यंतच लागू होतो.

अर्ज करणं आणि पैसे घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्या. अर्ज भरताना "पैसे नकोत" हा पर्याय निवडता येतो. तरीही मूल १२ वर्षांचं होईपर्यंत अर्जदाराच्या नावावर नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट, म्हणजे वर्गणी न भरताही भरल्याची नोंद, जमा होत राहतं. पूर्ण स्टेट पेन्शनसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, साधारण ३५ वर्षांची नोंद लागते, आणि १० वर्षंही भरली नाहीत तर बहुधा काहीच मिळत नाही. तिशीत इथे आलेल्या आपल्या लोकांकडे वाया घालवायला फारशी वर्षं नसतात. म्हणून अर्ज जो नोकरी करत नाही किंवा अगदी कमी कमावतो त्याच्या नावाने करा. ज्याचा पगार चांगला आहे त्याचं वर्ष पगारातूनच भरतं, त्याला या क्रेडिटचा उपयोग नाही.

अर्जाआधी व्हिसा तपासा. स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर सहसा "पब्लिक फंड्स (सरकारी आर्थिक मदत) घेता येणार नाहीत" अशी अट असते, आणि चाइल्ड बेनिफिट पब्लिक फंड्समध्येच मोडतं. अट मोडली तर पुढे व्हिसा धोक्यात येऊ शकतो, तेव्हा इथे घाई नको. पीआर (कायम राहण्याचा परवाना) किंवा ब्रिटिश नागरिकत्व मिळालं की मार्ग मोकळा होतो. जोडप्यातल्या एकालाच पीआर मिळाली असेल तर अर्ज त्याच्या नावाने करावा. पीआरचा निर्णय आला की त्याच आठवड्यात अर्ज करा. तोपर्यंत मूल चार-पाच वर्षांचं झालेलं असतं आणि "आता कशाला" असं वाटतं, पण बारा वर्षांपर्यंतची क्रेडिट्स अजून बाकी असतात.

कागदपत्रं फार नाहीत. मुलाचा जन्मदाखला, तुमचा आणि जोडीदाराचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, आणि बँक खात्याचा तपशील. मूल भारतात जन्मलं असेल तर मूळ जन्मदाखला आणि ज्यावर ते इथे आलं तो पासपोर्टही लागतो. दाखला मूळच मागतात, म्हणून टपालात टाकण्याआधी स्कॅन करून ठेवा आणि रजिस्टर्ड टपालानेच पाठवा. अर्ज ऑनलाइन होतो, कागदी हवा असेल तर सीएच२ हा फॉर्म आहे.

आता पैशांचं. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येकासाठी १७.२५ पौंड असा दर होता. म्हणजे दोन मुलांचे वर्षाला साधारण २,२५१ पौंड. आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचं ६०,००० पौंडांच्या वर गेलं की दर २०० पौंडांमागे या रकमेतला एक टक्का कर म्हणून परत भरावा लागतो. ८०,००० ला पूर्ण रक्कम परत जाते. ६०,००० ची ही मर्यादा एप्रिल २०२४ पासूनची आहे, त्याआधी ती ५०,००० होती. दोघांचं उत्पन्न एकत्र धरत नाहीत. दोघंही ५९,००० कमावत असतील तर एक पैसाही परत द्यावा लागत नाही, आणि एकटा ८०,००० कमावत असेल तर सगळं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे.

इथे नुसता पगार नाही, ॲडजस्टेड नेट इन्कम, म्हणजे सगळीकडचं मिळून उत्पन्न काही वजावटी करून, बघतात, आणि आपले लोक इथेच चुकतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं भारतात करमुक्त असलेलं व्याजसुद्धा यात धरलं जातं. समजा पगार ५९,२०० आहे आणि भारतातलं व्याज २ लाख ४० हजार रुपये, म्हणजे साधारण २,१०० पौंड. उत्पन्न ६१,३०० झालं. दोन मुलं असतील तर सहा टक्के, म्हणजे १३५ पौंड भरायचे. रक्कम छोटी आहे, पण कळवली नाही तर दंड लागू शकतो.

उलट, पेन्शनमध्ये भरलेले पैसे या उत्पन्नातून वजा होतात. ६८,००० उत्पन्न असेल तर दोन मुलांचे ९०० पौंड परत जातात. त्याच माणसाने खासगी पेन्शनमध्ये ३,२०० पौंड भरले तर सरकारचे ८०० मिळून ४,००० होतात. उत्पन्न ६४,००० धरलं जातं आणि परतफेड ४५० वर येते. शिवाय वरच्या दराची करसवलत वेगळी. पगारातूनच सॅलरी सॅक्रिफाइसने (पगाराचा तेवढा भाग सोडून) पेन्शन जात असेल तर ती पी६० (मालकाने दिलेला वर्षाचा पगार आणि कराचा दाखला) वरच्या आकड्यातून आधीच वजा झालेली असते, पुन्हा वजा करू नका.

परतफेडीची जबाबदारी जास्त कमावणाऱ्याची, बेनिफिट दुसऱ्याच्या खात्यात येत असलं तरी. करवर्ष ५ एप्रिलला संपतं. पहिल्यांदाच रिटर्न भरत असाल तर ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटची (स्वतः कराचं रिटर्न भरण्याच्या पद्धतीची) नोंदणी करायची आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन रिटर्न आणि पैसे दोन्ही द्यायचे. रिटर्नला उशीर झाला की १०० पौंड दंड, कर शून्य निघाला तरी. नोंदणीनंतरचा दहा आकडी नंबर टपालाने येतो, त्यामुळे जानेवारीत जागं होऊन भागत नाही. २०२५ पासून आणखी एक सोय आहे: फक्त नोकरीचंच उत्पन्न असेल तर ही परतफेड टॅक्स कोडमधून (ज्यावरून मालक किती कर कापायचा ते ठरवतो) पगारातून कापून घेता येते, रिटर्न लागत नाही. भारतात भाडं किंवा व्याज असेल तर मात्र बहुधा रिटर्न भरावंच लागतं.

मूल सोळाचं झालं की त्यानंतरच्या ३१ ऑगस्टला बेनिफिट थांबतं. पुढे ए लेव्हल (अकरावी-बारावीच्या तोडीचं) किंवा तसंच काही शिकणार असेल तर तसं कळवा, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत ते चालू राहू शकतं. ज्यांचा अर्ज आहे त्या मुलांना सोळाव्या वाढदिवसाच्या सुमारास स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स नंबर आपोआप घरी येतो. अर्ज नसेल तर पहिली नोकरी धरताना त्यांना तो स्वतः मागवावा लागतो.