वाढीव गावठाण (कोल्हापूरचा घाटपट्टा)

वाढीव गावठाण म्हणजे जुन्या गावठाणाच्या हद्दीबाहेर नव्या घरांसाठी रीतसर धरलेली जागा. ही नोंद शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांपुरती आहे, कारण तिकडं नवीन घर हा नुसता तलाठी आणि ग्रामपंचायतीचा विषय राहत नाही, गाव कुठं आहे त्यानुसार वनखातं, पुरातत्त्व खातं नाहीतर केंद्राचं पर्यावरण मंत्रालय त्यात येतं.

गावठाणाची हद्द मुळात कधीची, यावर एकमत नाही. जुन्या मांडणीत गावाच्या जमिनीचे दोन भाग, वस्तीची ती पांढरी आणि कसायची ती काळी. देशावरच्या गावकूस आणि वेस असलेल्या गावांना हे चपखल बसतं, म्हणून एक मत असं की हद्द मध्ययुगापासून चालत आली आणि सरकारनं ती फक्त कागदावर घेतली. दुसरं मत असं की वस्ती जुनी असेल पण मोजून आखलेली रेघ ही ब्रिटिश सर्व्हेची देणगी, म्हणजे १८३५ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेलं काम, मग १८४७ चा संयुक्त अहवाल आणि पुढं १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, तोवर इथला महसुली कारभार वेगळा होता, त्यामुळं ब्रिटिश मुलखातल्या तारखा जशाच्या तशा इथं लावता येत नाहीत, बहुधा एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध एवढंच मोघम म्हणता येतं.

घाटपट्ट्यापुरतं दुसरं मत जास्त पटतं. इथं वस्ती एकगठ्ठा नव्हतीच, चार घरांच्या वाड्या, डोंगराच्या सोंडेवर धनगरवाडे, गावकूस कुठलं नि काय. हद्द पडली ती मुख्य गावाभोवती, आणि बाकीच्या वाड्या शेतीच्या सर्व्हे नंबरात किंवा जंगलात राहून गेल्या. आजच्या बऱ्याच वादांचं मूळ इथं आहे. २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका (घराच्या मालकीचा कागद) द्यायला लागलेत, पण तीही गावठाणाच्या आतल्या घरांसाठी, रानातल्या घराला तिचा उपयोग नाही.

कायद्यानं गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरचा, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १२२. त्याच कायद्यात नंतर घातलेल्या कलम ४२-ड मुळं गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी बिगरशेती झाल्याचं मानलं जातं. यावरून गावोगावी समज असा की दोनशे मीटरच्या आत आहे ना, मग बांधा. तसं नाही. सुटते ती एनएची म्हणजे बिगरशेतीची वेगळी परवानगी, आणि तीही कर भरून, बांधकामाची परवानगी घ्यावीच लागते, प्रादेशिक योजनेतला झोन बघितला जातो, आणि १:५ पेक्षा जास्त चढावर बांधकाम साधारणपणे नाकारलंच जातं. गायरानात वाढीव गावठाण बसवायचा जुना मार्ग गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगणाऱ्या २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर जवळजवळ बंद झालाय.

पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाबद्दल, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवायच्या क्षेत्राबद्दल, जेवढी भीती आहे तेवढं त्यात घरांबद्दल नाही, हे केंद्राच्या अधिसूचनेचा मसुदा वाचला की कळतं. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघतायत, सहावा ३१ जुलै २०२४ चा. मसुद्यात महाराष्ट्राचं क्षेत्र १७,३४० चौरस किलोमीटर. बंदी आहे ती खाणी, औष्णिक वीज, लाल यादीतले म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्याच्या वरचे बांधकाम प्रकल्प आणि मोठ्या टाउनशिपवर. चार खोल्यांचं घर किंवा घरकुल यात कुठंच येत नाही, जुन्या घराची दुरुस्तीही नाही.

खरा अडसर अभयारण्यालगत आहे. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, दाजीपूरच्या गव्यांमुळं प्रसिद्ध, आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक. त्याच्याभोवती इको सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे अभयारण्याभोवतीचा निर्बंधांचा पट्टा, वरच्या एरियाहून वेगळा. अशा झोनमध्ये अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यापारी बांधकाम करता येत नाही, स्थानिक माणसाला मात्र स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या वापरासाठी बांधता येतं. ऐकायला सोपं, पण निर्णयाची मेख इथंच आहे, कारण पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावच्या सातबारावर असेल तर तो स्थानिक का, आणि त्याच्या घरात दोन खोल्या पर्यटकांना दिल्या तर ते राहतं घर की व्यापार? याचा निकाल झोनल मास्टर प्लॅन (झोनचा आराखडा) आणि झोनच्या देखरेख समितीनं द्यायचा असतो. त्यामानानं २०२० मध्ये मंजुरी मिळालेली विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं घरांच्या दृष्टीनं हलकी, ती सरकारी जमिनीवरच जाहीर होतात.

पन्हाळ्याची गोष्ट वेगळी, तिथं गडाच्या आतच वस्ती आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीनंच, ही स्मारकांच्या कायद्यातली २०१० ची दुरुस्ती. गडावर अशी स्मारकं एकापेक्षा जास्त, त्यामुळं ही वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि घरावर मजला टाकायचा झाला तरी परवानगीसाठी हेलपाटे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, त्याआधी रहिवाशांनी विरोध केला तो याच धास्तीनं. राज्याची एकात्मिक बांधकाम नियमावली (२०२०) पन्हाळ्यासारख्या गिरिस्थान नगरपरिषदांना लागू नाही हेही इथं लक्षात ठेवायला हवं.

धनगरवाड्यांबद्दल लिखित साधनं तुटपुंजी. २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताब्यात असलेल्या जमिनीला लागू होतो, आणि धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नसल्यामुळं त्यांना तीन पिढ्यांचं म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दावा मंजूर झाला तरी तो आहे त्या घराचा, वेगळा निघालेल्या मुलाच्या नव्या घराला तो पुरत नाही.