नवं डोमेन घेतलंत, आता त्याची पत जमवा

बेळगावच्या उद्यमबागेतला तुमचा कारखाना चाळीस वर्षांचा असेल, शहापुरातलं साड्यांचं दुकान आजोबांपासूनचं असेल. काल घेतलेलं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव, मात्र जीमेलला अनोळखीच. पत नसली की मेल स्पॅममध्ये जाऊ शकतात. २०१४ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झाल्यावर ज्यांनी डोमेनचं स्पेलिंग बदललं, त्यांचीही हीच गत. नवं स्पेलिंग म्हणजे नवं खातं. जुनी पत त्यात आपोआप वळती होत नाही.

पहिलं काम आमचं, म्हणजे तुमची मेलची सोय लावून देणाऱ्यांचं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, आम्ही तीन नोंदी घालतो. तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरला आहे, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. एसपीएफची नोंद एकच हवी. बिलिंग सॉफ्टवेअरवाला दुसरी घालायला सांगेल, तेव्हा आधी आम्हाला फोन करा. दोन झाल्या की दोन्ही निकामी.

पुढचं काम तुमचं, आणि ते कंटाळवाणं आहे. पहिला आठवडाभर रोज वीस-पंचवीसच मेल, तेही ज्यांचं कोटेशन चालू आहे, जे हमखास उत्तर देतील अशांनाच. उत्तर आलं, किंवा कुणी तुमचा मेल स्पॅममधून उचलून इनबॉक्सात टाकला, की तुमच्या खात्यात जमा. मग हळूहळू वाढवा. महिना-दीड महिना धरून चला. आम्ही स्वतः नव्या डोमेनवरून तिसऱ्याच दिवशी सगळ्या यादीला दिवाळीच्या शुभेच्छा धाडल्या होत्या. शुभेच्छा स्पॅममध्ये गेल्या आणि त्यांच्या मागोमाग पंधरा दिवस आमची बिलंही. त्या महिन्याची वसुली विचारू नका.

यादी विकत घेऊ नका. बंद पत्त्यांवरून परत येणारे मेल पत खातात. फेब्रुवारी २०२४ पासून रोज ५,००० च्या घरात जीमेल पत्त्यांवर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी गूगलने सक्तीच्या केल्या. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोयही हवी. तुमचे तेवढे जात नसतील, पण स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम लहानांनाही आहे. शंभरांत एकाने ‘स्पॅम’ दाबलं तरी एक टक्का झाला! खानापूरच्या गिऱ्हाइकाला मराठीत, धारवाडच्या डीलरला कन्नडमध्ये लिहा. समजलेल्या मेलवर तक्रार कमी येते.

बिलं आणि जाहिराती वेगळ्या सबडोमेनवरून (तुमच्याच डोमेनच्या पोटातल्या वेगळ्या नावावरून) पाठवायच्या असतील तर आत्ताच सांगा. नंतर बदललं, तर पुन्हा वीस-पंचवीसपासून.