अँजेलिक अपस्टार्ट्स

अँजेलिक अपस्टार्ट्स : इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी वसलेल्या साउथ शील्ड्स या गावात १९७७ साली निघालेला पंक रॉक बँड. गायक मेन्सी (थॉमस मेन्सफोर्थ) आणि गिटारवादक मॉन्ड काउई हे संस्थापक. ‘अपस्टार्ट’ म्हणजे पायरी सोडून वर चढू पाहणारा, शेफारलेला माणूस. वरच्यांनी खालच्यांना हिणवायचा हा शब्द. या पोरांनी त्याला ‘देवदूतासारखे’ असे विशेषण जोडले आणि तो बिरुदासारखा मिरवला. ब्रिटिश पंकमध्ये कामगारांच्या नावाने बोलणारे पुष्कळ होते, पण त्यांतले बरेच जण कलाशाळांमधून आले होते. अपस्टार्ट्स खाणीतून आणि गोदीतून आले.

गाव आणि घडण

साउथ शील्ड्स कोळशावर आणि जहाजांवर जगत आले. गावातल्या वेस्टो कोलियरीचे बोगदे उत्तर समुद्राच्या तळाखाली दूरवर गेलेले होते. वर लाटा आणि खाली खाणकामगार, अशी ती खाण. शाळा सुटली की मुलाने खाणीत नाहीतर गोदीत चिकटायचे, ही रीत. मेन्सी वेस्टोमध्ये शिकाऊ खाणकामगार होता. मॉन्ड आणि ड्रमवादक डेका वेड गोदीत कामाला होते आणि बेस गिटार वाजवणारा स्टीव्ह फॉर्स्टन गवंडी होता. मेन्सी आणि मॉन्ड एकाच वसाहतीत वाढले. ब्रॉकली व्हिन्स ही ती नगरपालिकेने बांधलेल्या भाड्याच्या घरांची वसाहत.

हे गाव निव्वळ गोऱ्यांचे होते, असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बोटींवर भट्टी पेटती ठेवण्याचे काम करणारे येमेनी खलाशी इथे उतरू लागले, घरे करून राहिले. १९१९ आणि १९३० साली त्यांच्यावरून दंगलीही झाल्या. पुढे त्यांच्या वस्तीत मशीद उभी राहिली. जुलै १९७७ मध्ये जगज्जेता मुष्टियोद्धा मुहम्मद अली गावात आला आणि त्या मशिदीत त्याने आपल्या विवाहासाठी दुवा घेतली. अपस्टार्ट्स आकाराला आले ते याच वर्षी. वंशद्वेष्ट्यांशी या बँडचा पुढे जो झगडा झाला, तो समजून घेताना गावाचा हा इतिहास जवळ असलेला बरा.

ठिणगी पडली ती क्लॅश या लंडनच्या बँडच्या १९७७ मधल्या ‘व्हाइट रायट’ दौऱ्यातून. तीन कॉर्ड, एक ड्रम, भसाडा का होईना पण आपला आवाज, एवढ्यावर उभे राहता येते हे टाइनकाठच्या पोरांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले. मेन्सीचा आवाज गोड कधीच नव्हता. तो गाताना लंडनी उच्चार करत नसे, गावच्याच बोलीत ओरडत असे. गाण्यांची बांधणी अशी, की कडवे त्याचे आणि ध्रुवपद सगळ्यांचे. फुटबॉलच्या मैदानावर उभ्याने सामना पाहणारी गर्दी ज्या पद्धतीने एका सुरात घोष करते, तीच पद्धत. मॉन्डची गिटार जाड, सरळ आणि घट्ट. तो चाल धरून ठेवत असे, म्हणून मेन्सीला मोकळे सुटता येत असे.

लिडल टॉवर्स

पहिल्याच रेकॉर्डने बँडची दिशा ठरवून टाकली. लिडल टॉवर्स हा ३९ वर्षांचा इलेक्ट्रिशियन, हौशी मुष्टियोद्ध्यांना शिकवणारा. जानेवारी १९७६ मध्ये बर्टली येथील एका क्लबबाहेर पोलिसांनी त्याला पकडले आणि गेट्सहेडच्या ठाण्यात नेले. फेब्रुवारीत तो रुग्णालयात मरण पावला. मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने जो निर्णय दिला, त्याने सारा ईशान्य भाग हादरला: ‘समर्थनीय मनुष्यवध’. म्हणजे माणूस मारला गेला हे मान्य, पण मारणाऱ्याचा दोष नाही. १९७८ मध्ये उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. त्याच वर्षी दुसरी चौकशी झाली आणि तीत मृत्यू अपघाताने झाल्याचे ठरले. कोणावरही खटला चालला नाही.

अपस्टार्ट्सनी १९७८ मध्ये स्वतःच्या खर्चाने, ‘डेड रेकॉर्ड्स’ हे नाव छापून जी तबकडी काढली, तिचे नाव होते ‘द मर्डर ऑफ लिडल टॉवर्स’. मागच्या बाजूला ‘पोलीस ऑप्रेशन’, म्हणजे पोलिसांची दडपशाही. चौकशीने ज्याला समर्थनीय म्हटले आणि नंतर अपघात म्हटले, त्याला या पोरांनी ‘खून’ म्हटले. सारे भांडण या एका शब्दाचे होते. कोर्टकचेरीत ज्याचा शब्द टिकत नाही त्याने तो तबकडीवर कोरला, एवढा साधा आणि एवढा धाडसी हा प्रकार होता. पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टो भागात स्मॉल वंडर नावाचे रेकॉर्डचे दुकान होते आणि ते स्वतःही तबकड्या काढत असे. त्याने ही तबकडी पुन्हा छापली, तेव्हा ती देशभर पोहोचली.

मंचावर ‘पोलीस ऑप्रेशन’ सुरू झाले की कसायाकडून आणलेले डुकराचे मुंडके बाहेर निघे, त्यावर पोलिसाची टोपी, आणि मग त्याच्यावर हाणाहाण. इंग्रजी रस्त्यावरच्या भाषेत पोलिसाला डुक्कर म्हणतात, त्यामुळे अर्थ सांगावा लागत नसे. पोलिसांचा रोष अर्थातच पाठी लागला आणि आपल्याच भागात कार्यक्रमाला जागा मिळणे अवघड झाले. १९७९ मध्ये त्यांनी नॉर्थंबरलँडमधल्या अक्लिंग्टन तुरुंगात कैद्यांपुढे कार्यक्रम केला, तोही वर्तमानपत्रांच्या ठळक मथळ्यांत गेला.

यादीवरची वर्षे

शॅम ६९ या बँडचा गायक जिमी पर्सी याने अपस्टार्ट्सना पुढे आणले. त्याच्यामार्फत पॉलिडॉर कंपनीशी जुळू पाहणारी सोयरीक मोडली आणि बँड वॉर्नर कंपनीकडे गेला. पहिला अल्बम मात्र पर्सीच्याच देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाला. ‘टीनएज वॉर्निंग’ हे त्याचे नाव. १९७९ मध्ये ब्रिटिश विक्रीच्या यादीत तो २९ व्या क्रमांकावर पोहोचला. ‘आय ॲम अॅन अपस्टार्ट’ हे गाणे ३१ वर, अल्बमचेच नाव असलेले गाणे २९ वर. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या होत्या.

दुसरा अल्बम, १९८० चा, ‘वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस’. हे नाव ज्या गाण्याचे, ते १९६५ मध्ये द ॲनिमल्स या शेजारच्या न्यूकॅसलच्या बँडने गाजवले होते. इथून बाहेर पडलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्या त्या गाण्याला अपस्टार्ट्सच्या तोंडी वेगळा अर्थ आला. १९६५ मधला तरुण कष्टाच्या कामातून सुटू पाहत होता. १९८० मध्ये त्या कामाचाच भरवसा उरला नव्हता.

मग बँड ई.एम.आय.च्या झोनोफोन शाखेकडे गेला आणि १९८१ मध्ये ‘टू मिलियन व्हॉइसेस’ आला, यादीत ३२ वा. ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा १९८० मध्ये वीस लाखांवर गेला होता, त्यावरून हे नाव. जानेवारी १९८२ पर्यंत तो तीस लाखांच्या पुढे गेला, इतक्या झपाट्याने हे शीर्षक जुने झाले. अपस्टार्ट्सचा एकच अल्बम ऐकायचा असेल तर हा ऐकावा. राग तोच आहे, पण त्याला आता पोच आली आहे. ‘लास्ट नाइट अनदर सोल्जर’ उत्तर आयर्लंडमध्ये मरणाऱ्या सैनिकाविषयी आहे, आणि तो सैनिकही यांच्यासारख्याच गल्लीतून गेलेला. ‘गन्स फॉर द अफगाण रेबेल्स’ सोव्हिएत फौजांविरुद्ध लढणाऱ्या अफगाणांच्या बाजूचे. डावे म्हणवणारे कित्येक जण मॉस्कोबद्दल मूग गिळून बसत, मेन्सी बसला नाही. पोलंडच्या कामगार संघटनेसाठी त्यांनी पुढे १९८३ मध्ये ‘सॉलिडॅरिटी’ काढले, तेही याच न्यायाने.

या अल्बममधल्या ‘आय अंडरस्टँड’ या गाण्याकडे कमी लक्ष जाते आणि ते जायला हवे. रिचर्ड कॅम्पबेल हा, जमैकात उगम पावलेल्या रास्ताफारी पंथाचा काळा तरुण १९८० मध्ये ॲशफर्ड येथे, कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात मरण पावला. गाणे त्याच्यावर आहे आणि त्याला जमैकाच्याच रेगे संगीताचा ठेका आहे. लिडल टॉवर्स गोरा, गावाकडचा, आपल्यातला. कॅम्पबेल दुसऱ्या वस्तीतला, दुसऱ्या रंगाचा. कोठडीतल्या मरणाचा जाब विचारताना अपस्टार्ट्सनी दोघांत फरक केला नाही.

झेंडा कोणाचा

१९७० च्या दशकात नॅशनल फ्रंट हा वंशद्वेषी पक्ष कामगार वस्त्यांत हातपाय पसरत होता. डोके तासलेल्या, जड बूट घालणाऱ्या ‘स्किनहेड’ पोरांत त्याची भरती चाले, आणि हीच पोरे अपस्टार्ट्सच्या कार्यक्रमांनाही येत. अशा वेळी मेन्सीने ब्रिटनचा झेंडा मंचावर लावला आणि ‘इंग्लंड’ नावाचे संथ, जवळजवळ हळवे गाणे लिहिले. समाजवादी माणसाने देशप्रेमाचे गाणे गावे, हे डाव्या मंडळींना खटकले. फ्रंटवाल्यांना वाटले, हा आपलाच. मेन्सीची भूमिका अशी होती, की देश राबणाऱ्यांचा आहे आणि झेंडा फॅसिस्टांच्या हाती सोडून देण्याचे कारण नाही. भूमिका खरी होती, पण सभागृहाच्या गोंगाटात ती दरवेळी पोहोचत होती असे नाही. तिची किंमत मारामाऱ्यांत मोजावी लागली. उजव्या टोळ्या कार्यक्रम उधळायला येत आणि बँड मंचावरून खाली उतरून त्यांना भिडे.

याच सुमारास ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकाचा पत्रकार गॅरी बुशेल याने अशा बँडना ‘ओय’ हे एक नाव दिले. नोव्हेंबर १९८० मध्ये निघालेल्या ‘ओय! द अल्बम’ या पहिल्या संग्रहात अपस्टार्ट्सची दोन गाणी होती. हे नाव काही महिन्यांतच काळवंडले, आणि त्या घटनेचा भारतीयांशी थेट संबंध आहे.

पश्चिम लंडनमधले साउथॉल म्हणजे मुख्यतः पंजाबी वस्ती. जून १९७६ मध्ये तिथे गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याचा गोऱ्या टोळक्याने खून केला होता. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध तिथेच निदर्शने झाली आणि त्यांत ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यात घाव बसून मरण पावला. घाव बहुधा पोलिसाचाच, असे सांगणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल लोकांना वाचायला मिळायला २०१० साल उजाडले. अशा वस्तीत ३ जुलै १९८१ रोजी हँबरो टॅव्हर्न या मद्यगृहात तीन ओय बँडचा कार्यक्रम ठेवला गेला. बसगाड्या भरून स्किनहेड आले. दुकानांची मोडतोड आणि वाटेतल्या माणसांना त्रास सुरू झाला, तशी आशियाई तरुणांची फौज जमली आणि रात्री ते मद्यगृह जळून गेले. अपस्टार्ट्स त्या कार्यक्रमात नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून ओय म्हणजे नाझी हे समीकरण वृत्तपत्रांनी पक्के केले आणि सुक्याबरोबर ओलेही जळले. साउथॉलच्या पोरांच्या रागाला मात्र नावे ठेवता येत नाहीत. पाच वर्षांत दोन प्रेते पाहिलेल्या वस्तीने कोणत्या बँडची गाणी कशावर आहेत याची चौकशी करत बसावे, ही अपेक्षाच चुकीची.

उतार आणि चिकाटी

१९८१ मधला थेट कार्यक्रमाचा अल्बम यादीत २७ वा आला. बँडचे ते सर्वोच्च स्थान. पुढच्याच वर्षी ‘स्टिल फ्रॉम द हार्ट’ मध्ये कडा घासून गुळगुळीत केल्या गेल्या, तो जुन्या श्रोत्यांना रुचला नाही आणि नवे आले नाहीत. मॉन्ड आणि डेका बाहेर पडले. ‘रीझन व्हाय?’ (१९८३) ने काहीशी पत परत मिळवली. ‘पॉवर ऑफ द प्रेस’ च्या सुमारास ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रायटनच्या हॉटेलात थॅचर यांच्या पक्षाच्या अधिवेशनावेळी झालेल्या बॉम्बस्फोटावरील गाण्याने वाद ओढवून घेतला. त्यानंतरची वर्षे फुटणे, जुळणे, माणसे बदलणे यांत गेली. अल्बम अधूनमधून येत राहिले. ‘सन्स ऑफ स्पार्टाकस’ २००२ मध्ये आला आणि ‘बुलिंग्डन बास्टर्ड्स’ २०१५ मध्ये. या दुसऱ्या नावाचा रोख तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन ज्या श्रीमंत विद्यार्थी क्लबात होते, त्यावर. मेन्सी १९८५ मध्ये निघालेल्या अँटी-फॅसिस्ट ॲक्शन या संघटनेच्या कामात उतरला. फॅसिस्टांना रस्त्यावर अडवायचे ही तिची पद्धत. मंचावर तो तेच करत आला होता.

मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप हरला. वेस्टो कोलियरी मे १९९३ मध्ये बंद पडली. मेन्सी १० डिसेंबर २०२१ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, कोविडने गेला. तो ज्या खाणीत काम शिकला तिच्या जागेवर आता घरे आहेत. त्या वसाहतीला वेस्टो क्राउन व्हिलेज म्हणतात.